सारा जेनचे सोंग आणि लोराचे यश

आपला प्रश्न दुहेरी आहे. डग्लस सर्क यांचा १९५९ सालचा 'इमिटेशन ऑफ लाइफ' आपण नुकताच पाहिला, शेवटच्या अंत्ययात्रेला डोळे भरून आले आणि मग स्वतःचाच थोडा राग आला, कारण इतक्या उघडपणे रडवणाऱ्या चित्रपटाला अभिजात का म्हणावे हे आपल्याला पटत नाही. शिवाय, आईला ओळख न देणारी सारा जेन आपल्याला कृतघ्न वाटली, तरी जाणकार तिचीच बाजू का घेतात, असेही आपण विचारले आहे. चित्रपट रसग्रहणाचे वर्ग घेताना हे दोन्ही प्रश्न मला बहुतेक दर वेळी ऐकू येतात, आणि माझ्या मते त्यांचे उत्तर एकच आहे. या चित्रपटात दोन मुली नव्हे, तर दोन महत्त्वाकांक्षी स्त्रिया एकमेकींसमोर उभ्या आहेत. एक लोरा मेरेडिथ आणि दुसरी सारा जेन. दोघीही सोंग घेऊन वर चढू पाहतात. एकीच्या सोंगाला नाट्यगृहात टाळ्या मिळतात, दुसरीच्या सोंगाला गल्लीत मार मिळतो. ही विषमता दिग्दर्शकाने कोणाच्याही तोंडी भाषण न घालता, केवळ प्रसंगांच्या रचनेतून मांडली आहे, म्हणून ती पहिल्या दर्शनात अश्रूंखाली दडून जाते.

कथा थोडक्यात अशी. १९४७ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या गजबजलेल्या किनाऱ्यावर विधवा लोरा आपली हरवलेली मुलगी सूझी शोधत असते. ती मुलगी ॲनी जॉन्सन या कृष्णवर्णीय स्त्रीजवळ सुखरूप सापडते. ॲनीबरोबर सूझीहून थोडी मोठी, दिसायला गोरीपान अशी सारा जेन आहे. ती ॲनीची मुलगी असेल असे लोराच्या मनातही येत नाही. ॲनी दुसऱ्या कुणाचे मूल सांभाळते आहे असे ती धरून चालते. ॲनीला राहायला जागा नाही, म्हणून लोरा मायलेकींना एका रात्रीपुरते आपल्या लहानशा भाड्याच्या घरी नेते, आणि ती एक रात्र पुढे अकरा वर्षे चालते. लोरा रंगभूमीवरची तारका होते, मोठे घर घेते. ॲनी त्या घराची काळजी वाहते. सूझी आईच्या सहवासासाठी झुरते. सारा जेन गोरी म्हणून जगायचे ठरवते. लाना टर्नर, हुआनिटा मूर, सँड्रा डी आणि सुझन कोनर यांनी या चौघी साकारल्या आहेत.

आता लोरा वर कशी चढते ते नीट पाहा. सुरुवातीच्या हलाखीच्या दिवसांत ती चक्क थाप मारून नाट्यव्यवसायातल्या एका एजंटच्या कचेरीत शिरते. घरी ॲनी टेलिफोन उचलते तो एखाद्या प्रतिष्ठित बाईच्या मोलकरणीच्या थाटात, कारण जिच्या घरी मोलकरीण आहे तिला कामाची गरज नसावी असा समज पसरला की काम मिळते. ज्या घरात दूधवाल्याचे बिल थकलेले आहे, त्या घरात हा थाट आहे. म्हणजे मालकीण आणि मोलकरीण हे नाते या दोघींमध्ये आधी नाटक म्हणून सुरू होते आणि पुढे यश आले की ते खरे होऊन बसते. कमी पैशांत, सुट्टीशिवाय काम करायची तयारी ॲनीने पहिल्याच भेटीत दाखवलेली असते. लोरा दुष्ट नाही. ती प्रेमळ आहे, उदार आहे, आणि तरीही आपल्या यशाचा पाया कुणाच्या श्रमावर उभा आहे हे तिला दिसत नाही. हे न दिसणे हाच चित्रपटाचा गाभा आहे.

त्याचा पुरावा एका अगदी साध्या संवादात सापडतो. पुष्कळ वर्षे एकत्र काढल्यावर ॲनी एकदा आपल्या चर्चच्या आणि मंडळाच्या मैत्रिणींविषयी बोलते. तुला इतके मित्रमैत्रिणी असतील असे मला कधी वाटलेच नव्हते, असे लोरा सहज म्हणून जाते, आणि ॲनी तितक्याच सहजपणे उत्तर देते की तुम्ही कधी विचारलेच नाही. हुआनिटा मूर हे वाक्य ना टोमण्यासारखे म्हणते, ना तक्रारीसारखे. वर्गात हा तुकडा थांबवून मी विचारतो की आत्तापर्यंतच्या चित्रपटात आपल्याला तरी ॲनीच्या मैत्रिणी दिसल्या का? नाही. कॅमेराही लोराच्या घरातच राहिला, ॲनीच्या जगात गेला नाही. ते जग प्रथमच पुरतेपणी दिसते ते तिच्या अंत्ययात्रेत, जेव्हा चर्च गच्च भरलेले असते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात, बँड वाजत असतो, चार पांढरे घोडे शववाहिनी ओढत असतात आणि भक्तिगीतांच्या विख्यात कृष्णवर्णीय गायिका महेलिया जॅक्सन यांचा आवाज त्या सगळ्यावर पसरलेला असतो. आपल्याला रडू येते ते केवळ ॲनी गेली म्हणून नव्हे. दोन तास ज्या बाईला आपण स्वयंपाकघराच्या दारात पाहत होतो, तिचे एवढे मोठे आयुष्य आपण पाहिलेच नाही, हे त्या क्षणी ध्यानात येते. लोराचे न पाहणे आपल्याही वाट्याला आलेले असते. असे रडवणे सोपे नाही, म्हणून त्या अश्रूंची लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

सारा जेनकडे वळू. तिची बाजू समजून घ्यायची तर तिचे बालपण दाखवणारे चार-पाच प्रसंग क्रमाने आठवावे लागतात. लोराच्या घरी आल्यावर मायलेकींना स्वयंपाकघरामागची खोली मिळते, तेव्हा ती लहान पोर विचारते की आपण नेहमी मागेच का राहायचे. सूझी प्रेमाने आपली काळी बाहुली तिला देऊ करते. सारा जेनला ती नको असते, तिला गोरी बाहुली हवी असते. शेवटी काळी बाहुली जमिनीवर पडते आणि सर्वजण निघून गेल्यावरही कॅमेरा क्षणभर तिच्यावर रेंगाळतो. नाताळात ॲनी येशूच्या जन्माची गोष्ट सांगते, तर ही विचारते की येशू गोरा होता की काळा. मोठी माणसे गुळमुळीत उत्तरे देतात आणि तीच निकाल देऊन टाकते की तो माझ्यासारखा होता, गोरा. या मुलीला जगाचा हिशेब फार लवकर कळला आहे. ज्यांना तो कळलेला नाही ती आजूबाजूची भली माणसे आहेत.

शाळेचा प्रसंग तर प्रत्येकाने पुन्हा पाहावा असा आहे. हवा खराब असते म्हणून ॲनी मुलीचे बूट घेऊन वर्गाच्या दाराशी येते. माझ्या वर्गात कृष्णवर्णीय मूल नाही, तुमची काहीतरी गफलत झाली असावी, असे शिक्षिका सौजन्याने सांगते. मागच्या बाकावर सारा जेन पुस्तकाआड तोंड लपवून बसलेली असते. यात कुणीही वाईट वागलेले नाही हे ध्यानात घ्या. आईने मायेपोटी बूट आणले, शिक्षिकेने नम्रपणे माहिती दिली, आणि एका लहान मुलीचे वर्गातले सगळे जग त्या एका मिनिटात कोसळले. तूच माझी आई का व्हावीस, असे ती बाहेर पडून ओरडते तेव्हा तो आईचा द्वेष नसतो, शिक्षेची पूर्वकल्पना असते. त्या संध्याकाळी ॲनी लोराला विचारते की आपल्या लेकराला कसे समजावून सांगायचे की ते दुःख सोसण्यासाठीच जन्माला आले आहे. लोराकडे याचे उत्तर नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर चित्रपटाकडेही नाही.

पुढे मोठी झालेली सारा जेन लोराच्या पाहुण्यांसमोर डोक्यावर थाळी ठेवून येते आणि जुन्या दक्षिणेकडच्या गुलाम बाईची बोली मुद्दाम काढून खाणे वाढते. माझ्यामुळे तुला कधी वेगळे वाटले का, असे लोरा दुखावून विचारते. सारा जेनचे उत्तर असे की तुम्ही चांगल्याच वागलात, पण वेगळे असणे म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नाही. या प्रसंगात ती आईच्या व्यवसायाची नक्कल करते असे वरवर वाटते. खरे तर तिने लोराच्याच घरातले मूळ नाटक सर्वांसमोर उघडे केले आहे. सुझन कोनरच्या अभिनयातला उद्दामपणा आणि आतली भीती इथे एकाच वेळी दिसतात, आणि मला विचाराल तर या चित्रपटातली सर्वांत अवघड भूमिका तिची आहे.

मग येतो गल्लीतला प्रसंग. ट्रॉय डॉनह्यूने रंगवलेला तिचा प्रियकर फ्रँकी तिला एका बंद दुकानापाशी गाठतो. तुझी आई काळी आहे हे खरे का, एवढेच तो विचारतो, तेही अत्यंत गलिच्छ शब्दात, आणि मग तिला बेदम मारतो. सर्क यांनी या प्रसंगाचा बराच भाग दुकानाच्या काचेतल्या प्रतिबिंबात दाखवला आहे आणि त्यावर कर्कश जॅझ संगीत टाकले आहे. इतका वेळ मऊ प्रकाशात, महागड्या सोफ्यांवर आणि फुलदाण्यांमध्ये वावरलेला चित्रपट अचानक रस्त्यावरच्या चिखलात लोळतो. आईने बजावलेच होते की खोटेपणा हे पाप आहे आणि जे आपण आहोत त्याची लाज धरू नये. पण मार खाण्याचे कारण खोटेपणा हे नाही, रंग हे आहे. लोराने एजंटला मारलेली थाप उघडकीला आली तेव्हा तिच्यावर कुणी हात उगारला नव्हता. उलट तिथून तिच्या कारकिर्दीची दारे किलकिली झाली होती.

इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय सारा जेनचा निर्णय केवळ लहरी वाटतो. अमेरिकेत एखाद्याच्या पूर्वजांत कृष्णवर्णीय रक्ताचा अंश असला तरी त्याला कृष्णवर्णीयच मानण्याची रूढी होती, आणि कित्येक ठिकाणी ती कायद्यातही उतरली होती. १८९६ साली रेल्वेच्या स्वतंत्र डब्यांविषयीच्या ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदावर शिक्कामोर्तब केले, तो खटला लढवणारा होमर प्लेसी हा एक अष्टमांश कृष्णवर्णीय होता. १९३०च्या जनगणनेत मिश्र वंशासाठीचा वेगळा रकाना काढून टाकण्यात आला आणि असे सर्व लोक कृष्णवर्णीय म्हणूनच नोंदवावेत अशी सूचना दिली गेली. त्यामुळे ज्यांना दिसण्याने शक्य होते अशी अनेक माणसे घर, नातेवाईक आणि गाव मागे टाकून गोऱ्या समाजात मिसळून गेली. दुसरीकडे वॉल्टर व्हाइट यांच्यासारखा माणूसही होता. निळ्या डोळ्यांचे आणि फिक्या केसांचे व्हाइट पुढे कृष्णवर्णीयांच्या सर्वांत मोठ्या हक्कसंघटनेचे प्रमुख झाले, आणि तरुणपणी याच रूपाचा उपयोग करून त्यांनी दक्षिणेत झुंडींनी केलेल्या हत्यांची माहिती गोऱ्यांमध्ये वावरून मिळवली. म्हणजे गोरे दिसणे हे पळून जाण्याचे साधन होते, तसेच लढण्याचेही होते; मात्र सारा जेनला लढण्याचा मार्ग दाखवणारे कुणीही चित्रपटात नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. ही कथा दक्षिणेत घडत नाही. न्यूयॉर्क राज्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांच्या विवाहाला बंदी घालणारा कायदा कधीच नव्हता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले तेव्हा ते १६ राज्यांत लागू होते आणि त्यांत न्यूयॉर्क नव्हते. सारा जेनच्या शाळेतही मुलांना रंगावरून वेगळे बसवलेले नाही. कायद्याने तिला काहीही नाकारलेले नाही, तरीही वर्गात तोंड लपवावे लागते आणि गल्लीत मार खावा लागतो. ज्या काळात दक्षिणेतल्या वर्णभेदाविरुद्धचा माँटगोमेरीचा बस-बहिष्कार आणि लिटल रॉकच्या शाळेचा संघर्ष ताजा होता, त्या काळात उत्तरेकडच्या सभ्य दिवाणखान्याकडे बोट दाखवणे हे धाडसाचेच होते.

मराठी वाचकाला हे सारे अनोळखी नाही. बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ सालच्या त्यांच्या पुस्तकात आहे. नोकरीच्या गावी जात लपवून राहिलेल्या माणसाची जात उघड होते आणि त्याला मार बसतो. जात आणि वर्ण एकच नव्हेत, पण लपवण्याची भीती आणि उघड झाल्यावरची झुंड या दोन्हींची जात एकच आहे. फरक एवढा की बागुलांच्या नायकाला आडनाव आणि वागणे सांभाळून लपता येते, तर सारा जेनविरुद्धचा पुरावा म्हणजे तिची चालतीबोलती आई आहे. म्हणूनच तिला गोरे व्हायचे तर आईला नाकारावेच लागते. मधला मार्ग समाजाने ठेवलेलाच नाही. त्याच १९५९ साली आपल्याकडे बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. त्यात सुलोचनाबाईंनी रंगवलेली चारू अस्पृश्य पोरीला घरात वाढवते, पण आपली मुलगी म्हणताना तिची जीभ अडखळते, आणि अखेर त्या मुलीच्या रक्ताने चारूचा जीव वाचतो तेव्हा अंतर मिटते. तिथे आई मुलीला नाकारते, इथे मुलगी आईला. आणि सर्क यांच्या चित्रपटात रक्तदानासारखा सोयीचा दिलासा नाही.

सारा जेन आधी न्यूयॉर्कच्या एका बऱ्यावाईट क्लबात गाते. ॲनी तिथे पोचते आणि मुलीची नोकरी जाते. मग ती कॅलिफोर्नियाला पळते आणि वेगळे नाव घेऊन नर्तकींच्या ताफ्यात काम करते. ॲनी आजारी असूनही तिथे जाते, पण या वेळी परत न्यायला नव्हे, एकदा डोळे भरून पाहायला. खोलीत आरशासमोर उभी राहून सारा जेन ओरडते की मी गोरी आहे, गोरी आहे. ॲनी ते कबूल करून टाकते. तेवढ्यात सोबतीण आत येते आणि ॲनी आपण या मुलीला लहानपणी सांभाळणारी दाई असल्याची बतावणी करते. जी बाई आयुष्यभर खोटे बोलू नको म्हणून बजावत आली, ती मुलीसाठी स्वतः खोटे बोलते. म्हणजे तुला सांभाळायला बाई होती तर, असे सोबतीण थट्टेने म्हणते, आणि सारा जेन रडत उत्तर देते की हो, आयुष्यभर. त्या क्षणी मुलगी पहिल्यांदा सत्य बोलते, आणि तेही असत्याच्या आडून. अशा प्रसंगाला केवळ भडक म्हणून बाजूला सारणे मला तरी जमलेले नाही.

इथे दिग्दर्शकाच्या आयुष्याची एक गोष्ट सांगतो. तिचा चित्रपटाशी संबंध लावणे हा माझा तर्क आहे. सर्क मूळचे जर्मन. त्यांच्या पहिल्या पत्नीने नात्सी पक्षाची वाट धरली. दुसरी पत्नी ज्यू असल्याने सर्क यांना पहिल्या लग्नाच्या मुलाला भेटण्याची मनाई झाली. तो मुलगा जर्मन चित्रपटांत बालनट झाला, आणि वडिलांना त्याला पाहायचे तर चित्रपटगृहात जाऊन पडद्यावरच पाहावे लागे. १९३७ साली सर्क जर्मनीतून बाहेर पडले. मुलगा १९४४ साली आघाडीवर मारला गेला. ज्या माणसाने आपले मूल फक्त पडद्याच्या या बाजूने पाहिले, त्याने अंधारात बसून मुलीला पाहणाऱ्या आईचे ते प्रसंग रचले आहेत. 'इमिटेशन ऑफ लाइफ' हा त्यांचा हॉलिवूडमधला शेवटचा चित्रपट ठरला.

अभिजात का, या प्रश्नाचा उरलेला भाग शैलीचा आहे. श्रेयनामावलीत काळ्या पार्श्वभूमीवर वरून हिरे पडत राहतात आणि हळूहळू पडदा त्यांनी भरून जातो. ते हिरे काचेचे असणार हे प्रेक्षकाला कळते, तरी डोळे दिपतातच. निर्माते रॉस हंटर यांना झगमगाट विकायचा होता. लाना टर्नरचे पोशाख आणि दागिने यांची जाहिरात मोठ्या जोरात झाली होती, आणि १९५८ साली तिच्या किशोरवयीन मुलीच्या हातून आईच्या गुंड प्रियकराचा मृत्यू झाल्याच्या प्रकरणामुळे आई आणि मुलीच्या कथेला बाजारात वेगळीच धार आली होती. सर्क यांनी ही सारी सामग्री नाकारली नाही. तिच्यातूनच त्यांनी आपले म्हणणे मांडले. रसेल मेटी यांच्या छायाचित्रणात जिन्याचे कठडे, आरसे, खिडक्यांच्या चौकटी माणसांच्या मध्ये येत राहतात. लोराच्या घरात प्रत्येक वस्तू सुंदर आहे आणि प्रत्येक माणूस कशाच्या तरी आड उभा आहे. शेवटी सूझी चिडून आईला सांगते की आता अभिनय पुरे कर, तेव्हा लोरा अगदी मनापासून त्याग करायला निघालेली असते. पण त्यागाचीही तिला सवयीने भूमिकाच करता येते. टर्नर ही फार मोठी अभिनेत्री नव्हती असे म्हणतात, आणि इथे नेमके तेच कामाला आले आहे.

तेव्हाच्या समीक्षकांनी या साऱ्याकडे बायकांचा रडका चित्रपट म्हणून पाहिले. तिकीटबारीवर मात्र युनिव्हर्सल कंपनीला घसघशीत यश मिळाले. सर्क यांच्या कामाकडे गांभीर्याने पाहण्याची सुरुवात मुख्यतः सत्तरच्या दशकात झाली; जर्मनीचे तरुण दिग्दर्शक फासबिंडर यांनी त्यांच्याविषयी भारावून लिहिले आणि स्वतःच्या चित्रपटांचे वळण बदलले. २०१५ साली हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला.

त्रुटी नाहीत असे मी म्हणणार नाही. जॉन गॅव्हिनने रंगवलेला स्टीव्ह हा लोराला नोकरी सोडायला सांगणारा प्रेमिक आहे, आणि पटकथा त्याला जितके शहाणे मानते तितका तो नाही. काम करणारी आई म्हणजे अपुरी आई, हा त्या काळचा सूर पटकथेत राहून गेला आहे. सूझीचे स्टीव्हवरचे प्रेम हा भाग आज कंटाळवाणा होतो. ॲनीच्या सोशिकपणाला इतके पावित्र्य दिले आहे की कधीकधी तिच्या मनातला राग पाहायला मिळावा असे वाटते. आणि सर्वांत मोठा आक्षेप सारा जेनच्या निवडीचा आहे. सुझन कोनरचे वडील बोहेमियातून आलेले ज्यू आणि आई मेक्सिकन अभिनेत्री लुपिता तोवार. म्हणजे पडद्यावर दिसणारी तरुणी कृष्णवर्णीय नाहीच. कोनर आणि हुआनिटा मूर या दोघींना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले, पण त्यानंतर मूर यांच्या वाट्याला त्या तोडीच्या भूमिका आल्या नाहीत. ॲनीला जे घडले तेच थोडे वेगळ्या रूपात तिच्या अभिनेत्रीलाही घडले.

या आक्षेपाचे वजन कळायचे असेल तर याच कथेवरचा, जॉन स्टाल यांनी १९३४ साली केलेला आधीचा चित्रपट पाहायलाच हवा. दोन्ही चित्रपट फॅनी हर्स्ट यांच्या १९३३ सालच्या कादंबरीवर आधारलेले आहेत, पण स्टाल यांच्याकडे नायिका नटी नसून उद्योजिका आहे. क्लोडेट कोल्बेरने रंगवलेली बी ही विधवा आपल्या कृष्णवर्णीय मोलकरणीच्या, डेलायलाच्या, घराण्यातली धिरड्यांची कृती वापरून आधी दुकान काढते आणि मग पिठाची खोकी विकून श्रीमंत होते. डब्यावर डेलायलाचा हसरा चेहरा छापला जातो. तिला नफ्यात २० टक्के वाटा देऊ केला जातो, आणि ती घाबरून म्हणते की मग मला तुमच्या घरातून जावे लागेल का. कृती तिची, चेहरा तिचा, आणि वाटा पाचवा हिस्सा, तोही उपकार म्हणून. रात्री दोघी आपापल्या खोल्यांकडे निघतात तेव्हा बी जिना चढून वर जाते आणि डेलायला जिना उतरून खाली जाते; स्टाल यांनी हे एकाच चौकटीत, शांतपणे दाखवले आहे. सर्क यांच्याकडे शोषण भावनिक आणि घरगुती आहे, स्टाल यांच्याकडे ते रोख हिशेबात मांडता येते. त्या काळीच कृष्णवर्णीय कवी आणि समीक्षक स्टर्लिंग ब्राउन यांनी डेलायलाच्या या स्वामिनिष्ठेवर कडक टीका केली होती, आणि पुढे लँगस्टन ह्यूज यांनी तिचे उलटे विडंबन लिहिले, ज्यात गोरी बाई कृष्णवर्णीय मालकिणीची सेवा करते.

आणि त्या चित्रपटात मुलीची, पीओलाची, भूमिका फ्रेडी वॉशिंग्टन यांनी केली आहे. त्या स्वतः कृष्णवर्णीय होत्या आणि दिसायला अगदी उजळ. आदल्या वर्षीच्या एका चित्रपटात कृष्णवर्णीय अभिनेते पॉल रोब्सन यांच्यासोबतच्या प्रसंगांत प्रेक्षकांना त्या गोऱ्या वाटू नयेत म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर गडद रंग चढवण्यात आला होता. प्रत्यक्ष आयुष्यात त्यांनी गोरी म्हणून वावरायला साफ नकार दिला आणि १९३७ साली कृष्णवर्णीय कलावंतांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. हॉलिवूडच्या नियमावलीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांचे शरीरसंबंध दाखवायला बंदी होती, आणि पीओलासारखी मुलगी असणे म्हणजेच असा संबंध कधीतरी घडला होता, या कारणावरून त्या पटकथेवरही आक्षेप आले होते. म्हणून तिला प्रियकर नाही, क्लब नाही, काहीच नाही. ही बंदी १९५६च्या सुधारणेत सैल झाली, तेव्हा कुठे सारा जेनला फ्रँकी मिळू शकला. पण तोवर भूमिका गोऱ्या अभिनेत्रीकडे गेली होती.

आता हे दोन चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत ते सांगतो. आपण १९५९चा चित्रपट आधीच पाहिला आहे, तर आता १९३४चा पाहा आणि मग लगेच सर्क यांच्याकडे परत या. दुसऱ्या वेळी लोराकडे लक्ष न देता प्रत्येक प्रसंगात ॲनी कुठे उभी आहे, कुणाच्या हातात थाळी आहे, कोण दारातून आत येते आणि कोण दाराशी थांबते, एवढेच पाहत राहा. अंत्ययात्रेनंतरच्या शेवटच्या चौकटीत लोरा मोटारीत सारा जेनला जवळ घेते, सूझी आणि स्टीव्ह शेजारी असतात, आणि कुटुंब पुन्हा एकत्र आल्यासारखे दिसते. सारा जेनला ज्या घरात मागची खोली मिळाली होती, त्याच घरची मालकीण आता तिची आई होऊ पाहते आहे. सर्क यांना या शेवटावर प्रेक्षकाने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा नव्हती. आपला विश्वास बसला का, हे दुसऱ्या वेळी पाहून झाल्यावर मला अवश्य कळवा.